रुमालाखालचा हात

पारसशेठ, तुमच्या हॅमस्टरांनी पाच दिवस माझ्या हातचं काही खाल्लं नाही. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं. तुमच्याशी भांडायची सवय बाजारात मला एकट्यालाच होती, म्हणून मी सांगतो.

तुमचा उठावणा झाला त्याच दुपारी तुमच्या धाकट्याने पिंजरा माझ्या दुकानात आणून ठेवला. वर तुमचाच रुमाल, सौद्याला वापरायचात तो. मी त्याला म्हटलं, हे माझ्याकडे कशाला? तीन वर्षं तुमच्या दुकानाची पायरी मी चढलो नाही हे तुला ठाऊक नाही का? तो खाली बघत म्हणाला, "पप्पांनी दवाखान्यात सांगितल्तं. बळीरामकडं द्या म्हणाले. काय द्यायचं अन् काय न्हाई, त्याला बराबर माहिती आहे."

मला संताप आला. मेलेल्या माणसाचाही संताप येतो हे तोवर मला माहीत नव्हतं. 'काय द्यायचं अन् काय न्हाई' हे शब्द मला टोमण्यासारखे लागले. वाटलं, म्हाताऱ्याने खाटेवर पडल्यापडल्या शेवटचा दगड बरोबर नेम धरून मारला.

पिंजरा मी कोपऱ्यातल्या पेट्यांवर ठेवला आणि रुमालाचं टोक वर केलं. दोघंही जागे होते. भर दुपारी. तुम्हीच सांगायचात की दुपारी ते मेल्यासारखे झोपतात, म्हणूनच तर तुम्ही रुमाल टाकून त्यांच्यासाठी अंधार करायचात. ते मागच्या पायांवर उभे होते, पुढचे हात छातीशी धरून. माझ्याकडे पाठ होती. तोंड भिंतीकडे, आणि त्या भिंतीपलीकडे दोन दुकानं सोडून तुमची गादी.

तुमची ही हॅमस्टरं जालन्यात कोणी पाहिलेली नव्हती. थोरल्याने हैदराबादहून आपल्या पोरींसाठी आणली, पोरी पुण्याला गेल्या आणि पिंजरा तुमच्या गादीशेजारी येऊन बसला. तेव्हा त्यात एक पांढरीही होती; हे दोघं तिच्या नंतरचे. एकेक जीव केवढा, तर लहान बटाट्याएवढा. पण तुमच्यासमोर बटाट्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून लिंबाएवढा म्हणतो. मी त्यांना उंदरं म्हणालो की तुम्ही हातातलं काम थांबवून सांगायचात, "हॅमस्टर म्हण. बुटके हॅमस्टर." समोर बसलेला बागवाला भाव विसरून पिंजऱ्यात डोकवायचा, आणि मी मनात म्हणायचो, शेठने याच घडीला सौदा मारायला पाहिजे.

त्यांच्या खाण्यावरून आपण किती भांडलो. दाणा रोजचा, पण ताजं खाऊ म्हणून जे द्यायचं त्यात तुमचा काटा सोनाराचा. काकडीचा तुकडा नखाएवढा. कोथिंबिरीचं एक पान, तीन पाण्यांनी धुतलेलं, उजेडात धरून अळी पाहिलेलं. एखाद्या दिवशी मेथी. नवी भाजी दिली तर एका वेळी एकच, आणि मग दिवसभर वाट बघायची. सकाळी उरलेलं उचलून टाकायचं, कारण ते गालात भरून नेतात, कोपऱ्यात लपवतात आणि तिथं ते सडतं. कांदा, लसूण, कच्चा बटाटा बिलकुल नाही. मी म्हणायचो, शेठ, उंदरांनाबी तुम्ही जैन करून टाकलं. तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, त्यांना ते सोसतच नाही, धर्म नंतरचा.

गाजराचं मात्र मी सोडलं नाही. गाजर ते खातात हे थोरल्याने सांगितलं होतं. मी विचारलं, कंदमूळ आहे म्हणून देत नाही ना? तुम्ही म्हणालात, "कंदमूळ म्हणूनबी, अन् गोड म्हणूनबी. ह्या बुटक्यांना साखरेचा आजार जल्दी होतो. माझ्यासारखाच." आणि सकाळची गोळी पाण्याबरोबर गिळलीत. साखरेचा आजार तुम्हाला होता हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. त्यात नवल काही नव्हतं. मी त्या गोळीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

आणि मोसंबी. आपण दोघं मोसंबीवर जगलो. मी वडीगोद्रीहून एका पिशवीनिशी आलो, मोंढ्याच्या बाजारात पेट्या वाहिल्या, बाग झाडावर असताना नुसती बघून माल किती निघेल हे सांगायला शिकलो, तुमचा भागीदार झालो, ते मोसंबीमुळे. आणि तुम्ही म्हणायचात की हॅमस्टरला मोसंबी चालत नाही, आंबटाने त्यांच्या पोटात आग होते. मी म्हणायचो, मोसंबी आंबट आहे असं म्हणणारा मोसंबीचा व्यापारी मी पहिल्यांदाच बघून राह्यलो. तुम्ही म्हणायचात, गोड निघाली तर साखर, आंबट निघाली तर आग, दोन्ही बाजूंनी तू हरतो, बळीराम. हा वाद आपला मिटलाच नाही. आता मिटवायचा आहे, पण त्यासाठी आधी दुसरं काही सांगावं लागेल. ते सांगायला मी तीन वर्षं उशीर केला आहे, तेव्हा आणखी थोडा उशीर चालेल.

आधी माझी तक्रार ऐका.

रुमालाखालचा सौदा मला तुम्ही शिकवला. दोन हात, वर रुमाल, आणि कोणतं बोट किती वेळा दाबलं त्यावरून भाव. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. पहिल्यांदा माझा हात हातात घेतलात तेव्हा तळव्याला पेट्यांच्या खिळ्यांचे ओरखडे होते. तुम्ही म्हणालात, "तोंडानं तू काहीबी बोलशील. तुझी बोटं मला खरं सांगतेन." पुढची बारा वर्षं आपण असेच बोललो. घरच्यांना कळायच्या आधी माझ्या बायकोच्या आजाराचं तुम्हाला कळलं, कारण त्या दिवशी माझं बोट चुकलं होतं.

मग घनसावंगीकडच्या त्या बागेत, मालक आणि चार व्यापारी समोर असताना, मी रुमालाखाली तुमचं बोट दाबलं आणि उत्तर आलं नाही. परत दाबलं. तुमचा हात माझ्या हातात ओल्या फडक्यासारखा पडून होता. मी तिसऱ्यांदा दाबलं. तुम्ही हात काढून घेतलात आणि सगळ्यांच्या देखत भाव तोंडाने सांगितलात. व्यापारी हसले. एक जण म्हणाला, शेठ अन् बळीरामची सोयरीक मोडली वाटतं. त्यानंतर तुम्ही माझ्याबरोबर रुमाल टाकला नाहीत. एकदाही नाही. मी महिना थांबलो, मग बागेतल्या माणसांसमोर तुम्हाला नको ते बोललो, आणि दोन दुकानं सोडून माझं दुकान मांडलं. तुम्ही थांबवलं नाहीत. म्हणालात, जातो तर जा, पण काकडी तुझ्याकडूनच घेईन, तुझी कडू निघत न्हाई.

तुमच्या पर्युषणानंतर दरवर्षी तुम्ही माझ्या दुकानात यायचात. उन्हात, डोक्यावर टोपी, हात जोडून. वर्षभरात जाणता-अजाणता काही दुखवलं असेल तर क्षमा, असं म्हणायचात. "मिच्छामि दुक्कडम्, बळीराम." तीन वर्षं, तीन वेळा. मी काट्यावरची नजर न उचलता म्हणायचो, ठीक आहे. मला वाटायचं, हा माणूस हात काढून घेतल्याची माफी मागतोय, पण नाव घ्यायची हिंमत नाही. तुम्ही थोडा वेळ उभे राहायचात. समोरच्यानेही तेच शब्द परत म्हणायचे असतात हे मला माहीत होतं. मी म्हटले नाहीत. मला वाटायचं, म्हटले तर तुम्ही विचाराल, कशाबद्दल?

आता त्या पाच दिवसांचं ऐका.

पहिल्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत, तुमच्या जेवणाच्या वेळी, मी काकडीचा तुकडा घेऊन रुमालाखाली हात घातला. पिंजऱ्याचं वरचं दार उघडंच होतं. काही नाही. मग कोणीतरी माझी दोन बोटं दाबली. कुरतडलं नाही, चाटलं नाही. दाबली. पहिलं, मग दुसरं, मधे जरा थांबून, मग पुन्हा पहिलं. मी झटका देऊन हात बाहेर काढला. रुमाल ओढला तर दोघंही पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भुशात एकमेकांना चिकटून झोपलेले. काकडी जिथं पडली तिथंच होती. मी बाहेर येऊन चहा मागवला आणि तो तसाच गार होऊ दिला.

दुसऱ्या दिवशी कोथिंबीर, तिसऱ्या दिवशी मेथी. तीन पाण्यांनी धुऊन, उजेडात बघून. पानं तशीच सुकली. दाणे जेमतेम कुरतडलेले. दोघांची अंगं बसत चालली, पाठीवरचे केस उभे राहिले. चाक करकरायचं. रुमाल उचलला की ते फिरत असायचं आणि त्यात कोणी नसायचं. मी व्यापारी माणूस, प्रत्येक गोष्ट उलटून बघतो. मी पिंजरा फिरवून ठेवला. पाणी प्यायला गेलो, परत आलो, ते पुन्हा तुमच्या भिंतीकडे तोंड करून उभे. चार वेळा फिरवला, चार वेळा तेच.

चौथ्या दिवशी मी पिंजरा गाडीत घालून वडीगोद्रीला नेला. म्हटलं, दुकानात पेट्यांचा वास आहे, घरी नाही. घरी त्या दिवसांत एक मोसंबी नव्हती. हमरस्त्याच्या बाजूच्या खोलीत पिंजरा ठेवला आणि रुमाल काढला. खोलीभर मोसंबीच्या सालीचा वास आला, ताज्या सोललेल्या. बायको दारातच थांबली आणि म्हणाली, तुम्ही हात धुतले न्हाईत का? मी धुतले होते. दोघं उभे राहिले, जरा इकडे-तिकडे मान केली आणि उत्तरेकडे वळले. जालन्याकडे. त्या बाजूला खिडकी नाही, नुसती भिंत आहे.

पाचव्या दिवशी मी भाभींकडे गेलो, पिंजरा घेऊनच. तुमच्या फोटोखाली न बसता दाराशी उभा राहिलो आणि म्हटलं, भाभी, ही परत घ्या, ह्यांना माझा हात चालत नाही, शेठलाही चालत नव्हता. बोलता बोलता आवाज चढला. घनसावंगीची बाग, काढून घेतलेला हात, हसणारे व्यापारी, सगळं ओकलो. नुकत्या विधवा झालेल्या बाईसमोर. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बळीरामभाऊ, त्यांची बोटंच मेलेली होती."

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, साखरेनं. आधी पाय, मग बोटं. चहाचा कप उचलताना चटका बसायचा, फोड यायचा, यांना पत्ता नाही. पहिल्यांदा त्यांना स्वतःला कळलं ते ह्या जनावरांमुळे. एकाने बोट करकचून चावलं, रक्त सदऱ्यावर आलं, तेव्हा हे बघत बसले की रक्त कुठून येतंय.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तुम्हालाच सांगू नको म्हणाले. तुमच्या तोंडात काही राहत न्हाई म्हणाले. बाजारात कळलं तर हात कोण धरील?"

मी खाली बसलो. तुम्ही मला हात दिला होता आणि त्या हाताला मी काय म्हणतोय ते ऐकू येत नव्हतं. तीन वेळा दाबलं मी. तुम्ही तीन वेळा वाट पाहिली असेल की आता काही लागेल, आता लागेल.

मला एवढ्यावर उठायला पाहिजे होतं. पण सवयच वाईट, हातात आलेला सौदा मी शेवटपर्यंत ताणतो. मी विचारलं, अन् ती पांढरी मेली, त्याबद्दल शेठ काही म्हणाले होते का? भाभी आठवत राहिल्या. म्हणाल्या, ती आम्ही राजस्थानला लग्नाला गेलो तेव्हाची? ती तर आजारानं गेली. उलट हे सगळ्यांना सांगायचे, बळीराम तोंडाचा वाईट, पण परक्याचं जनावर त्यानं शेवटपर्यंत पाहिलं.

मी पिंजरा उचलला आणि परत आणला.

तेव्हा पारसशेठ, आता ऐका. तुम्हाला माहीत होतं असं धरून मी तीन वर्षं तुमच्यावर रागावलो. तुम्हाला माहीतच नव्हतं.

तुम्ही लग्नाला गेलात, पिंजरा माझ्याकडे ठेवलात. काय द्यायचं, काय नाही, दोनदा सांगितलंत. नखाएवढी काकडी म्हणजे मला तुमची कंजुषी वाटली, म्हणून मी बोटाएवढी दिली. दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी पांढरीला हगवण लागली, मागचं अंग ओलं, पाठ वाकलेली. मी घाबरलो. तिच्यासाठी घाबरलो तेवढाच तुम्हाला काय सांगू म्हणूनही घाबरलो. आमच्याकडे माणूस आजारी पडला की घरात पहिल्यांदा मोसंबी येते. दवाखान्याच्या दारात मोसंबीचे गाडे कशाला उभे असतात? माझ्या आईच्या ओठांना शेवटी लावला तो मोसंबीचाच रस होता. माझ्या डोक्यात दुसरं औषध आलंच नाही. आणि खोटं कशाला बोलू, डोक्यात आपला वादही होता. ही बरी झाली की शेठला सांगू, बघा, तुम्ही हरलात.

मी मोसंबीची फोड सोलली, रस बोटावर पिळला आणि तिच्या तोंडाशी धरला. तिने चाटला. दोन्ही हातांनी माझं बोट धरून चाटला. मी आणखी दिला. सकाळी ती गार होती. मी साल नालीत टाकली, वाटी घासली, आणि तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा तुम्ही काही विचारायच्या आधीच म्हणालो, आपोआप गेली, मी काही दिलं न्हाई. तुम्ही तिला कापसात गुंडाळलंत. एवढंच म्हणालात, "जीव होता." आठ दिवसांनी घनसावंगीची बाग आली, आणि मला वाटलं, माझ्या बोटांना लागलेला वास तुम्हाला कळला.

काल हे सगळं मी मोठ्याने बोललो. भाभींकडून आल्यावर गोदामात गेलो नाही. माल उतरायचा होता, तो तसाच ठेवला. हात नुसत्या पाण्याने तीनदा धुतले. काकडीचं टोक कापून घासलं, एक चकती स्वतः खाऊन बघितली, कडू नव्हती. मग नखाएवढा तुकडा घेतला. बाहेर अजून ऊन होतं. मी शटर अर्धं ओढलं, रुमालाखाली हात घातला आणि म्हणालो, पांढरीला मोसंबी मी दिली, शेठ. विचारलं नव्हतं तरी खोटं बोललो.

चाक थांबलं. त्या क्षणापर्यंत ते फिरत होतं हे मला थांबल्यावर कळलं.

मग भुसा हलला. कोणीतरी सावकाश आलं. काकडीकडे गेलं नाही. दोन बारीक, गार हातांनी माझ्या बोटाचं टोक धरलं आणि तसंच धरून ठेवलं. किती वेळ, सांगता येत नाही. मला वाटलं, आता दाबेल. दाबलं नाही. चावलं. सुईसारखं, थेट हाडापर्यंत. मग जागा न सोडता पुन्हा. रक्त तळव्यावर ओघळत आलं ते मला कळत होतं, त्याचा ऊबदारपणा कळत होता, आणि रुमालाखाली, माझ्या हाताच्या अगदी जवळ, काकडी कुरकुर खाल्ल्याचा आवाज यायला लागला. चावणारं तोंड अजून बोटावरच होतं.

मला खूप लागत होतं, पारसशेठ. मी हात काढला नाही.